काठ जिवंत, तर पाणी जिवंत : बडोद्याच्या गोड्या पाण्यातील जीवसृष्टी

भाद्रपदात आपल्यापैकी अनेक घरांत खड्यांच्या गौरी येतात. घरातली लेक किंवा सून पाणवठ्यावर जाते, पाच किंवा सात खडे निवडून घेते आणि वाटेत कुणाशी न बोलता ते घरी आणते. बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांनी ही रीत सोडलेली नाही. पाणवठा मात्र बदलला. मंडळाच्या एका हळदीकुंकवात हा विषय निघाला तेव्हा असे दिसले, की कुणी कुंडीतले खडे गच्चीवरच्या नळाखाली धुऊन घेते, तर कुणी गेल्या वर्षीचेच खडे डब्यात जपून ठेवते. नदीवर जाणारे एकही घर निघाले नाही. कारण विचारले तर सगळ्यांचे उत्तर एकच होते, "तिथे आता उतरवत नाही."

या लेखाचा विषय त्या उत्तरातूनच निघाला. पाणवठा म्हणजे पाणी आणि जमीन भेटतात ती जागा, म्हणजेच काठ. पाण्यातले बहुतेक जीव याच काठाच्या आसऱ्याने जगतात. मासे काठाजवळच्या गवतात अंडी घालतात, बेडूक तिथेच वाढतो, मगर काठाच्या मातीत घरटे करते, पक्षी काठच्या बोरूत लपतात. हे जीव आपल्या काय उपयोगाचे, ते गेले तर आपले काय जाते आणि बडोद्याच्या परिसरात त्यांची स्थिती काय आहे, याची माहिती सभासद कुटुंबांसाठी आम्ही येथे एकत्र केली आहे.

गोड्या पाण्यातील जैवविविधता म्हणजे काय?

नद्या, ओढे, तलाव, तळी, विहिरी, पाणथळ जागा आणि शेतात साचणारे पावसाचे पाणी या सर्वांत राहणाऱ्या जीवांची विविधता म्हणजे गोड्या पाण्यातील जैवविविधता. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू, शेवाळ, पाणवनस्पती, शिंपले, गोगलगाई, किडे, खेकडे, मासे, बेडूक, कासवे, मगरी, पाणमांजरे आणि पाणपक्षी हे सगळे तिच्यात येतात.

नद्या, तलाव आणि इतर गोड्या पाण्याने पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्कासुद्धा भाग व्यापलेला नाही. तरीही आजवर माहीत असलेल्या जीवजातींपैकी सुमारे दहा टक्के जाती या एवढ्याशा पाण्यात राहतात. जगातल्या माशांच्या सुमारे निम्म्या जाती गोड्या पाण्यातल्या आहेत. जागा थोडी आणि राहणारे फार, शिवाय त्याच जागेवर माणसाच्या शेतीचा, शहराचा आणि कारखान्यांचा भार, त्यामुळे इथले जीव झपाट्याने कमी होत आहेत. २०२५ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत गोड्या पाण्यातले मासे, चतुर-टाचण्या आणि खेकडे-कोळंबी यांच्या जाती तपासल्या गेल्या. त्यांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश जातींना नामशेष होण्याचा धोका असल्याचे आढळले.

आपल्या शहराचे पाणी

बडोद्याची नदी विश्वामित्री. ती पावागढच्या डोंगरात उगम पावते, शहराच्या मधून वळणे घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखाताकडे जाते. सूर्या ही तिची उपनदी. शहराच्या उत्तरेला मही आणि दक्षिणेला नर्मदा या मोठ्या नद्या वाहतात. पूर्वेकडची ओरसंग नर्मदेला मिळते.

या पाण्याशी आपल्या समाजाचे नाते जुने आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या काळात सूर्या नदीवर आजव्याचा तलाव बांधला गेला आणि १८९२ मध्ये त्याचे पाणी शहराला मिळू लागले. तलाव शहरापेक्षा उंचावर असल्यामुळे पाणी उताराने आपोआप येत असे. तेव्हा बडोद्याची वस्ती सव्वा लाखाच्या आत होती. २०११ च्या जनगणनेत ती सोळा लाखांच्या पुढे गेली, तरी आजव्याचे, म्हणजे सयाजी सरोवराचे, पाणी शहराच्या काही भागांना अजून मिळते. १९१० मध्ये बडोदे संस्थानाने डभई तालुक्यात वढवाणा तलाव बांधला. त्यात ओरसंगचे पाणी जोजव्याहून कालव्याने आणले जाते आणि आसपासच्या गावांची शेती त्यावर भिजते.

दोन्ही तलाव माणसांसाठी बांधलेले होते, एक पिण्याच्या पाण्याचा आणि दुसरा सिंचनाचा. पण पाणी साठले, काठ ओला राहिला आणि जीवसृष्टी आपण होऊन तिथे वस्तीला आली. पुढे तिनेच त्या पाण्याची राखण केली.

पाणी स्वच्छ करणारे जीव

ओढ्यातला एखादा खडा उचलून उलटा केला तर खालची बाजू बुळबुळीत लागते. तो थर म्हणजे शेवाळ आणि जिवाणूंची वस्ती. पाण्यात विरघळलेली घाण हे जीव खातात, किडे आणि गोगलगाई तो थर चरतात, आणि त्या किड्यांना मासे खातात. अशा रीतीने पाण्यातला मळ पायरीपायरीने माशांच्या अंगी लागतो. मांडवात आणलेल्या खड्याला आपण धुऊन पुसून पुजतो, पण ओढ्यात असताना त्या खड्यावर पाणी गाळण्याचे काम चाललेले असते.

शहराच्या पाणीपुरवठ्यातही हेच तत्त्व उपयोगी पडते. महीच्या पात्रात फाजलपूर, रायका, दोडका, पोईचा येथे फ्रेंच कूप आहेत. नदीच्या वाळूखाली आडव्या नळ्या टाकून, वाळूतून झिरपलेले पाणी या विहिरीत जमा केले जाते. वाळू गाळ अडवते आणि वाळूच्या कणांवर राहणारे सूक्ष्म जीव सेंद्रिय घाण खातात. पात्रातली वाळू उपसली गेली किंवा नदीत नको ते पाणी आले, तर ही फुकटची गाळणी बिघडते आणि तेच काम यंत्रे, रसायने आणि वीज यांच्याकडून करून घ्यावे लागते. त्याचा खर्च शेवटी आपल्याच घरपट्टी-पाणीपट्टीत येतो.

नदीच्या तळातला शिंपला हा दुसरा कामगार. तो दिवसभर पाणी आत ओढतो, त्यातले बारीक कण टिपतो आणि निवळ पाणी बाहेर सोडतो. या शिंपल्याची पिल्ले आरंभी माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून राहतात आणि थोडी मोठी झाली की तळाशी पडतात. म्हणजे मासे संपले तर शिंपल्यांची पुढची पिढी संपते, आणि शिंपले गेले की पाणी गढूळ होते. पाण्यातले जीव एकमेकांत असे गुंतलेले आहेत.

काठावर उगवणारे पाणकणीस, ज्याला आपले गुजराती शेजारी घाबाजरियुं म्हणतात, आणि बोरू, लव्हाळे या वनस्पती सांडपाण्यातली जादा खते मुळांनी शोषून घेतात. त्यांची मुळे काठची माती धरून ठेवतात. कासवे आणि मगरी मेलेली जनावरे खाऊन पाण्यातली कुजकी घाण कमी करतात. जुन्या वाड्यांच्या विहिरीत एखादे कासव सोडण्याची पद्धत होती, त्यामागे हाच अनुभव होता.

ताटातले गोडे पाणी

मासे खाणाऱ्या घरांना रोहू, कटला, मृगळ, मरळ, वांब ही नावे सांगायला नकोत. न खाणाऱ्या घरांतही तळ्याचे पीक येतेच. उपवासाच्या दिवशी शिंगाड्याच्या पिठाचा शिरा होतो, तो शिंगाडा तळ्यात वाढतो. कमळकाकडी आणि मखाणा पाण्यातले, अळू ओल्या काठावरचे.

मासेमारीचे एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. मराठीत ज्याला पाला म्हणतात आणि बंगालीत इलिश, तो मासा नर्मदेकाठी चाकसी या नावानेही ओळखला जातो. तो समुद्रात वाढतो, पण पावसाळ्यात नदीला गोड्या पाण्याचा लोंढा आला की अंडी घालण्यासाठी भरुचच्या मुखातून नर्मदेत वर चढतो. भरुच भागातल्या मासेमार कुटुंबांची वर्षाची कमाई या काही आठवड्यांवर अवलंबून असे. नदीवर मोठी धरणे झाल्यानंतर खालच्या पात्रात वाहणारे गोडे पाणी कमी झाले आणि समुद्राचे खारे पाणी आत सरकले. माशाला नदीत येण्याची खूण मिळेना, मिळाली तरी पुढे जाण्याइतके पाणी मिळेना. पाल्याची मासेमारी पूर्वीच्या मानाने फार घटली.

धरणांमुळे बडोद्यासह गुजरातच्या मोठ्या भागाला पाणी मिळाले, ही गोष्टही तितकीच खरी. आपण ते पाणी रोज पितो. म्हणूनच नदीच्या मुखाशी असलेल्या माशाला आणि मासेमाराला त्यातला काही वाटा वाहता राहिला पाहिजे, हे म्हणणे आपल्याकडूनही यायला हवे.

डास, बेडूक आणि चतुर

पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाची भीती प्रत्येक सोसायटीत असते. डासाची अळी साचलेल्या पाण्यात वाढते. त्याच पाण्यात चतुर आणि टाचणी या किड्यांची पिल्लेही वाढतात आणि ती डासांच्या अळ्या खातात. पंख फुटल्यावर चतुर उडते डासही पकडतो. पावसाळ्याच्या शेवटी मैदानावर थव्याने उडणारे पिवळसर चतुर मुलांच्या ओळखीचे आहेत. पावसाच्या डबक्यात जन्मलेला हा एवढासा किडा पुढे हिंद महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जातो, असे अभ्यासकांचे मत आहे.

बेडकाचा धडा देशाने एकदा पैसे मोजून घेतला आहे. एके काळी भारतातून बेडकांच्या तंगड्या मोठ्या प्रमाणावर परदेशी जात. शेतातले बेडूक कमी झाले तसे किडे वाढू लागल्याची काळजी व्यक्त झाली आणि १९८७ मध्ये ही निर्यात बंद करण्यात आली. जो बेडूक फुकट किडे खात होता, त्याच्या जागी कीटकनाशक विकत आणणे हा तोट्याचा व्यवहार होता.

येथे एक सावधगिरी सांगायला हवी. डासांवर उपाय म्हणून तळ्यात गप्पी किंवा गॅम्बुशिया मासे सोडले जातात. हे दोन्ही मासे मूळचे अमेरिका खंडातले. बंदिस्त हौदात किंवा कारंज्यात ते ठीक आहेत. नैसर्गिक तळ्यात मात्र गॅम्बुशिया देशी माशांची अंडी आणि बेडकांची पिल्लेही खातो, आणि डासांचे जुने शत्रूच कमी होतात.

वढवाणा : शेतीचा तलाव, पाखरांचे गाव

डभईचे नाव मराठ्यांच्या इतिहासात १७३१ च्या लढाईमुळे आपल्याला माहीत आहे. पहिल्या बाजीरावाने याच परिसरात त्रिंबकराव दाभाड्यांचा पराभव केला. त्याच डभई तालुक्यातला वढवाणा तलाव २०२१ मध्ये रामसर यादीत गेला. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांची ही यादी इराणमधल्या रामसर शहरी १९७१ मध्ये झालेल्या करारानुसार ठेवली जाते. रामसर क्षेत्र म्हणून नोंदलेला वढवाण्याचा विस्तार ६३० हेक्टर आहे.

मध्य आशियातून भारतात येणाऱ्या पक्ष्यांच्या मार्गावर हा तलाव आहे. हिवाळ्यात ऐंशीहून अधिक जातींचे पाणपक्षी येथे मुक्काम करतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, लाल चोचीचे शेंडी बदक, आणि काळ्या अंगावर कपाळाशी पांढरा टिळा लावलेला वारकरी. हा पक्षी मोठ्या संख्येने एकत्र फिरतो आणि कपाळी टिळा मिरवतो, त्यामुळे त्याचे मराठी नाव मुलांच्या चटकन लक्षात राहते. कमळाच्या पानावरून चालणारा कमळपक्षी, टिबुकली, जांभळी पाणकोंबडी आणि चमचा हे पक्षीही दिसतात. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांनी या तलावाचा अभ्यास केलेला आहे.

या तलावाचे महत्त्व असे, की तो आजही सिंचनाचा तलाव आहे. शेतकऱ्याला पाणी मिळते, पाखरांना मुक्काम मिळतो, आणि हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांमुळे नावाडी, वाटाडे आणि चहावाले यांच्या हाताला काम मिळते. माणसाची गरज आणि जीवसृष्टी एका तळ्यावर नांदू शकतात, हे पाहायला आपल्याला दूर जावे लागत नाही.

विश्वामित्री आणि मगर

शहराच्या मध्यातून वाहणाऱ्या नदीत शेकडो मगरी राहतात, असे शहर सापडणे कठीण. २०२५ च्या मोजणीत विश्वामित्रीच्या परिसरात चारशेहून अधिक मगरी आढळल्या. आपल्याकडे सांगलीजवळ कृष्णेत आणि महाडजवळ सावित्रीत मगरी आहेत, तीच ही जात. वन्यजीव संरक्षण कायद्यात तिला वरच्या दर्जाचे संरक्षण आहे.

मगरीचे जीवन काठाशी बांधलेले आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी काठच्या मऊ मातीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते. त्या घरट्यातल्या उबेवर पिल्लू नर होणार की मादी, हे ठरते. पावसाळ्याच्या सुमारास पिल्ले बाहेर येतात आणि मादी त्यांची राखण करते. थंडीपासून आणि उन्हापासून बचावासाठी मगरी काठात बिळे करतात. काठाला सिमेंटची भिंत घातली, की घरटे आणि बीळ दोन्हीची जागा जाते.

ऑगस्ट २०२४ चा पूर आपण सगळ्यांनी पाहिला. नदी ३५ फुटांच्या वर गेली, अनेक वसाहतींत घरांत पाणी शिरले, आणि त्या पाण्याबरोबर मगरी रस्त्यांवर, अंगणांत आल्या. आपल्यातल्या कित्येक कुटुंबांचे फर्निचर, कागदपत्रे आणि जुने फोटो गेले. तेव्हा मगरींचा राग येणे स्वाभाविक होते. पण मगर शहरात का आली, हे समजून घ्यायला हवे. विश्वामित्रीला पूर्वी पसरायला जागा होती. दोन्ही बाजूंच्या घळी, ज्यांना येथे कोतर म्हणतात, सखल मैदाने आणि गावोगावची तळी पुराचे पाणी झेलत आणि हळूहळू सोडत. त्या जागा भरून इमारती झाल्या. पाणी जिथे थांबत असे तिथे आपण राहायला गेलो, म्हणून पाणी आपल्याकडे थांबले. मगर फक्त पाण्याबरोबर आली.

गवताळ काठ, झाडी आणि पाणथळ जागा पुराचे पाणी शोषतात आणि उन्हाळ्यासाठी जमिनीत मुरवतात. मगरीसाठी राखलेला काठ पुराच्या वेळी आपल्याच उपयोगी पडतो. २०२५ च्या उन्हाळ्यात नदीतला गाळ काढण्याचे मोठे काम झाले. पूर कमी व्हावा ही प्रत्येक बडोदेकराची गरज आहे. मात्र नदी म्हणजे नुसता पाणी वाहून नेणारा नाला समजून पात्र सरळ आणि काठ गुळगुळीत केले, तर पाणी वेगाने खालच्या गावांवर जाईल आणि जीवसृष्टीचा आसरा मोडेल. कामे करताना मातीचा उतरता काठ, त्यावरचे गवत आणि मगरींची घरट्यांची जागा शक्य तेथे राखली जावी, ही मागणी विकासाच्या विरोधातली नाही.

श्रद्धेतली ओळख

पाण्यातल्या जीवांचे मोल आपल्या पूर्वजांनी देवादिकांच्या गोष्टींत सांगून ठेवले. दशावतारातले पहिले दोन अवतार मासा आणि कासव आहेत. देवळात शिरताना सभामंडपात आपण कासवाला नमस्कार करतो. गुजरातेत खोडियार मातेचे वाहन मगर आहे, आणि आणंद जिल्ह्यातल्या मलातज गावी तळ्यात मगरी आणि काठावर मातेचे मंदिर आहे. चरोतरच्या अशा गावांत माणसे आणि मगरी एकाच तळ्याचे पाणी वापरत आल्या आहेत. गोव्यात कुंभारजुवे कालव्याच्या परिसरात पौष अमावस्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. खाजणाच्या बांधांवर राबणाऱ्या लोकांनी त्या जनावराशी केलेला तो एक सलोखा आहे.

या श्रद्धांनी जीवांचे रक्षण केले, पण सांडपाण्यापासून त्या वाचवू शकल्या नाहीत. आता श्रद्धेला माहितीची जोड द्यावी लागेल.

धोके कोणते?

पहिला धोका सांडपाण्याचा. शुद्ध न केलेले सांडपाणी नदीत गेले की जिवाणू ते खाण्यासाठी पाण्यातला प्राणवायू वापरतात. प्राणवायू संपला की मासे आणि शिंपले गुदमरतात. सांडपाण्यातल्या आणि साबणातल्या खतांवर जलपर्णी फोफावते. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती पाण्यावर झाकण घालते, उजेड खाली जाऊ देत नाही आणि तळे आतून मारते.

दुसरा धोका परक्या जातींचा. थाई मांगूर, तिलापिया, काचेच्या पेटीतून सुटलेला सकरमाउथ मासा आणि लाल कानाचे परदेशी कासव हे देशी जीवांचे अन्न आणि जागा बळकावतात. थाई मांगूर पाळण्यास भारतात बंदी आहे.

तिसरा धोका काठ हरवण्याचा. तळी बुजवणे, काठावर राडारोडा टाकणे आणि सुशोभीकरणाच्या नावाने चारही बाजूंनी उभी भिंत घालणे. भिंत असलेल्या तळ्यात पाणी दिसते, पण बेडकाला बाहेर येता येत नाही आणि माशाला अंडी घालायला गवत मिळत नाही.

आपण काय करू शकतो?

* गणपती शाडूचा, लहान आणि नैसर्गिक रंगांचा घ्यावा. विसर्जन घरच्या बादलीत किंवा कृत्रिम तलावात करावे. शाडूही नदीत टाकल्यास गाळच होतो, म्हणून विरघळलेली माती बागेत घालावी किंवा पुढच्या वर्षी मूर्तीसाठी वापरावी.
* निर्माल्य पिशवीसकट पुलावरून टाकू नये. फुलांचे खत करावे.
* घरातल्या काचेच्या पेटीतले मासे किंवा कासव नको झाले, तर दया म्हणून तळ्यात सोडू नये. ती दया तळ्यातल्या शंभर जीवांना महाग पडते.
* मगरीला मांस टाकणे, तिच्याजवळ जाऊन फोटो काढणे, खडे मारणे या गोष्टी मुलांना ठामपणे मना कराव्यात. अन्नाची सवय लागलेली मगर माणसाच्या जवळ येते. वस्तीत मगर दिसली तर तिला स्वतः न हाकलता वनखात्याला कळवावे. पावसाळ्यात नदीकाठी राहणाऱ्यांनी रात्री विजेरी घेऊनच बाहेर पडावे.
* सोसायटीचे सांडपाणी कोठे जाते, हे एकदा चौकशी करून पाहावे. पावसाच्या पाण्याच्या गटारात सांडपाणी जोडलेले असेल तर ते थेट नदीत जाते. बैठकीत हा विषय घेण्याइतका तो महत्त्वाचा आहे.
* आपल्या भागातल्या तळ्याचा विकास होत असेल, तर निदान एक बाजू उतरत्या मातीची आणि गवताची ठेवावी, अशी सूचना लेखी द्यावी.
* नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मुलांना घेऊन एकदा तरी वढवाण्याला जावे. सकाळी लवकर पोहोचावे, आवाज कमी ठेवावा, दुर्बीण असल्यास न्यावी.
* घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मासे, पक्षी आणि पाणवनस्पती यांची जुनी मराठी आणि गुजराती नावे, त्या कुठे दिसत याची आठवण, तारखेसह लिहून घ्यावी. नावे विसरली की जीव नाहीसे झाल्याचेही कुणाच्या लक्षात येत नाही.

आमची इच्छा साधी आहे. आजव्याचे पाणी घराघरांत आणणाऱ्यांनी पुढच्या पिढ्यांचा विचार केला होता. त्या पाण्यावर वाढलेल्या आपण पुढच्या पिढीला निदान एक असा काठ द्यावा, जिथे भाद्रपदात मुलीला निर्धास्त उतरता येईल, हात पाण्यात घालता येईल, आणि खडा उचलताना त्याखालचे छोटे जीव पाहून ती तो अलगद परत ठेवून दुसरा निवडेल.